ओहम मोठा म्हणजे अ‍ॅम्पही मोठा?

हेडफोनच्या शौकिनांमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हेडफोन 32 ओहमच्या वरचा असेल तर पोर्टेबल अ‍ॅम्प (आवाजाचा सिग्नल वाढवणारं छोटं यंत्र) हवाच. अ‍ॅम्प जितक्या जास्त मिलीवॉटचा तितका आवाज ‘खुलतो’. इअरफोनला तगडा अ‍ॅम्प लावला तर फायदाच, तोटा काही नाही. आणि बॅलन्स्ड जोडणी (प्रत्येक कानाला स्वतःच्या दोन वेगळ्या तारा देणारी) घ्याच घ्या. यात खरं काहीच नाही असं नाही, पण जे खरं आहे ते भलत्याच ठिकाणी चिकटवलंय.

आधी ओहम. हे इम्पिडन्सचं, म्हणजे हेडफोन विजेला करतो त्या विरोधाचं एकक. हा आकडा एकटा काही सांगत नाही, सोबत सेन्सिटिव्हिटी लागते, म्हणजे ठरावीक विजेवर हेडफोन किती मोठा वाजतो ते. सेनहायझरचा एचडी 650 हा 300 ओहमचा, म्हणजे या नियमाने महाकठीण. पण कंपनी त्याची सेन्सिटिव्हिटी 1 व्होल्टला 103 डेसिबल देते. गाण्यातले सर्वांत जोरकस क्षण 110 डेसिबलपर्यंत न्यायचे म्हटले (एवढ्या जोरात सतत ऐकू नये, हे वेगळं सांगायला नको), तर त्याला सुमारे 2.2 व्होल्ट लागतात. करंट साडेसात मिलीअँपिअर आणि पॉवर जेमतेम 17 मिलीवॉट. आता हायफायमॅनचा एचई-6 बघा. तो फक्त 50 ओहमचा, पण सेन्सिटिव्हिटी 1 मिलीवॉटला 83.5 डेसिबल. त्याच 110 साठी त्याला 4.7 व्होल्ट, जवळपास 95 मिलीअँपिअर आणि साधारण 450 मिलीवॉट लागतात. ओहम सहापट कमी आणि भूक पंचवीसपटीहून जास्त!

जास्त ओहमवाल्याला मुख्यतः व्होल्टेज हवं असतं. कमी ओहम आणि वर सेन्सिटिव्हिटीही कमी असली की करंटही भरपूर लागतो, आणि छोटे अ‍ॅम्प दम टाकतात ते तिथे. अ‍ॅपलचा चिमुकला यूएसबी-सी डोंगल (फोनला हेडफोन जोडायचा अडॅप्टर) सुमारे 1 व्होल्ट देतो (युरोपातल्या आवृत्तीत त्याच्या निम्मं). एचडी 650 वर बहुतेक गाणी ऐकायला तेवढं पुरतं. हळू पातळीवर रेकॉर्ड केलेलं, मोठे चढउतार असलेलं संगीत ऐकताना मात्र कमी पडेल, आणि तिथे अ‍ॅम्प घेण्यात अर्थ आहे.

मिलीवॉटचं प्रकरण जास्त फसवं आहे. खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा 16 किंवा 32 ओहमवरचा असतो. 3.5 व्होल्ट देणारा अ‍ॅम्प 32 ओहमवर 380 मिलीवॉट मिरवतो. 300 ओहमचा हेडफोन लावला की त्याचे 41 उरतात. बरं, पॉवर दुप्पट केली तरी आवाज वाढतो 3 डेसिबलच. गरजेपुरतं व्होल्टेज आणि करंट मिळाल्यावर उरलेली पॉवर नुसती पडून राहते. मग ‘खुललेला’ आवाज? माझ्या मते बहुतेक वेळा तो फक्त किंचित मोठा असतो, आणि किंचित मोठा आवाज आपल्याला चांगला वाटतोच. दोन्हीकडची पातळी मीटर लावून सारखी करा आणि मग तुलना करा.

‘तोटा काही नाही’ हे तर साफ चुकीचं. शुअरचा एसई846 हा इअरफोन 9 ओहमचा आणि 1 मिलीवॉटला 114 डेसिबलचा. हिशेब केला तर 1 व्होल्टला 134 डेसिबलच्या वर! अ‍ॅम्पमध्ये 10 मायक्रोव्होल्टची खरखर असली तरी ती 34 डेसिबलच्या आसपास जाते आणि शांत खोलीत सरळ ऐकू येते. व्हॉल्यूमची कळ जेमतेम हलवली की आवाज मोठा होतो, आणि साध्या कळीत नेमक्या त्या सुरुवातीच्या टप्प्यात डावा-उजवा आवाज सारखा नसतो.

खरा विसरला गेलेला आकडा म्हणजे अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा आतला विरोध. अनेक ड्रायव्हरवाल्या (आत एकाहून जास्त चिमुकले स्पीकर असलेल्या) इअरफोनचा इम्पिडन्स फ्रिक्वेन्सीनुसार वरखाली होतो. अशाला 10 ओहमच्या आउटपुटचा अ‍ॅम्प जोडला की आवाजाचा पोतच बदलतो. हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक अष्टमांशाहून कमी, हा ढोबळ ठोकताळा पाळावा. 9 ओहमसाठी तो साधारण 1 ओहम येतो. एचडी 650 चा इम्पिडन्सही बेसमध्ये 500 ओहमच्या आसपास चढतो, त्यामुळे 120 ओहम आउटपुटवर त्याचा बेस डेसिबलभर फुगतो. प्लेनर (सपाट, पातळ पडद्याने आवाज काढणाऱ्या) हेडफोनचा इम्पिडन्स जवळपास सपाट असल्याने तिथे फक्त आवाज थोडा कमी होतो.

बॅलन्स्ड जोडणीत व्होल्टेज दुपटीपर्यंत, म्हणजे 6 डेसिबल जास्त मिळू शकतं. पण आउटपुट इम्पिडन्सही सहसा दुप्पट होतो. साध्या जोडणीवर भागत असेल तर खर्च टाळा. ब्लूटूथवर ऐकत असाल तर हा सगळा वादच नाही, अ‍ॅम्प हेडफोनच्या आतच असतो.

आणि आकडे ताडताना एकक बघा. सेन्सिटिव्हिटी कोणी 1 मिलीवॉटला देतं, कोणी 1 व्होल्टला. एकाच 32 ओहमच्या हेडफोनचे हे दोन आकडे 15 डेसिबलने वेगळे येतात, 300 ओहमच्या हेडफोनचे 5 डेसिबलने.