‘बुडबुडे थांबले की बाटल्या भरा’ हा सल्ला ड्राय हॉप बिअरला लावू नका

ड्राय हॉप म्हणजे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) न उकळता थेट आंबलेल्या बिअरमध्ये टाकणं. त्याबद्दल घरी बिअर बनवणाऱ्यांमध्ये हा सल्ला हातोहात फिरतो: “फर्मेंटेशन (आंबणं) संपत आलं की हॉप्स टाका. हॉप्समध्ये साखर नसते, शिवाय ते जंतू मारतात, म्हणून दोन आठवडे राहू द्या. जितके दिवस जास्त, तितका वास जास्त. एअरलॉकचे (भांड्यातला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेचे) बुडबुडे थांबले की बाटल्या भरा.”

साखरेचा मुद्दा अर्धाच खरा आहे, आणि सगळ्यात मोठा धोका त्यातच आहे. हॉप्समध्ये आंबणारी साखर नगण्य असते, पण एन्झाइम असतात. उकळीत घातलेल्या हॉप्सची एन्झाइम उष्णतेने निकामी होतात. ड्राय हॉप्स उकळले जातच नाहीत. यीस्टने मागे सोडलेल्या डेक्स्ट्रिनचे (यीस्टला आंबवता न येणाऱ्या, साखरेच्या लांब साखळ्यांचे) ही एन्झाइम तुकडे करतात, त्यातून साखर सुटते आणि यीस्ट पुन्हा कामाला लागतं. ब्राउन आणि मॉरिस यांनी 1893 मध्येच याचा अभ्यास मांडला होता. आज याला हॉप क्रीप म्हणतात.

हिशेब करून पाहा. बाटल्या भरताना फेसासाठी 20 लिटर बिअरला 120 ग्रॅम साखर घातली, तर आधीच विरघळलेला वायू धरून साधारण 2.4 व्हॉल्यूम कार्बोनेशन होतं (1 व्हॉल्यूम म्हणजे लिटरभर बिअरमध्ये लिटरभर कार्बन डायऑक्साइड). बंद बाटलीत ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत बिअरची घनता; साखर आंबते तशी ती उतरते) 1.014 वरून 1.010 वर आली, तर त्यात आणखी सुमारे 2 व्हॉल्यूमची भर पडते. साध्या काचेच्या बाटलीला हा दाब पेलत नाही. थंड करून भरल्यानेही सुटका नाही: थंडीत एन्झाइम मंदावतात, नष्ट होत नाहीत.

बुडबुड्यांवर भिस्त ठेवू नका. झाकण गळत असेल तर फर्मेंटेशन जोरात असूनही ते दिसत नाहीत. उलट पेलेट (हॉप्सच्या दाबून केलेल्या गोळ्या) पडताच विरघळलेला वायू सुटतो आणि काही आंबत नसताना दिसतात. हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजणारं तरंगतं उपकरण) वापरा. नमुना आधी ढवळून वायू काढा, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटर वर उचलतात आणि आकडा चढा दिसतो. हॉप्स टाकल्यानंतर बिअर फर्मेंटेशनच्याच तापमानाला ठेवून, दोन-दोन दिवसांच्या अंतराने तीन वाचनं सारखी आली तरच पुढे जा.

दोन आठवड्यांची गरज नाही. 18–20 अंशांना बहुतेक सुगंध दोन-तीन दिवसांत उतरतो. नंतर गवताची चव आणि तुरटपणा वाढतो. लिटरला 8 ग्रॅमच्या पुढे हॉप्स वाढवून सुगंध त्या प्रमाणात वाढत नाही.

जंतूंचं म्हणाल तर हॉप्सची आम्लं मुख्यतः ग्रॅम-पॉझिटिव्ह नावाच्या गटातल्या जिवाणूंना रोखतात. रानटी यीस्टला आणि व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंना नाही. भांडी निर्जंतुक करावीच लागतात.

हॉप क्रीपमुळे डायअॅसिटिलही (लोण्यासारखा वास देणारा पदार्थ) वाढतं, म्हणून भरण्याआधी चाचणी करा. एक नमुना झाकून 60–70 अंशांना अर्धा तास ठेवा, गार करा आणि न तापवलेल्या नमुन्याशेजारी हुंगा. तापवलेल्याला लोण्याचा वास आला, तर बिअर यीस्टवर आणखी काही दिवस उबेत राहू द्या.

बाटल्या आधीच भरल्या असतील आणि उघडताना फेस उसळत असेल, तर चष्मा आणि जाड हातमोजे घालून सगळ्या फ्रिजमध्ये हलवा. पूर्ण गार झाल्यावर एकेक बूच सैल करून दाब सोडा आणि नवं बूच लावा.