मेल्याहून वाईट, म्हणजे सुखी

"संपला तो," संदीप म्हणाला. अजून धड बसलाही नव्हता.

"कोण?" बापूला हे रोज विचारावं लागतं.

"बोन इव्हेर. जस्टिन व्हर्नन."

"गेला?"

"त्याहून वाईट. सुखी झाला."

बोन इव्हेर म्हणजे अमेरिकन फोक गाणारा जस्टिन व्हर्नन; गाणी तो याच नावाने काढतो. त्याचा 'सेबल, फेबल' हा अल्बम येऊन इतके दिवस झाले तरी संदीपचं सुतक फिटलेलं नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये त्यातली पहिली तीन गाणी आली तेव्हा हा खूश होता, कारण तिन्हीत माणूस पार खचलेला. एप्रिल २०२५मध्ये बाकीची आली आणि व्हर्नन चक्क प्रेमात पडल्यासारखा गायला लागला. तेव्हापासून संदीप असा हिंडतो की जणू फसवणूक त्याचीच झालीय.

"त्याचा पहिला अल्बम आठव, 'फॉर एमा, फॉरएव्हर अगो'," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. डोळे मिटले की पुढचं आम्हाला पाठ आहे. "बँड फुटलेला. प्रेम मोडलेलं. अंगात दुखणं. नॉर्थ कॅरोलायनातून गाडी हाकत थेट घरी, विस्कॉन्सिनला. वडिलांची शिकारीची केबिन. बाहेर बर्फ, आत एकटा माणूस..."

"हरणं राहिली," माधवी म्हणाली.

"हां, हरणं मारून खायचा!" टोमणा त्याच्या डोक्यावरून गेला.

"केबिनमध्ये वीज होती रे," माधवी म्हणाली. "कॉम्प्युटर होता. स्टेजवर आपटून आपटून पोचे पडलेला असतो ना, तो साधा एसएम ५७ माइक होता. आणि त्याच्यापुढे बसून हा माणूस एकच ओळ पुन्हा पुन्हा गात होता. वरून एकदा, खालून एकदा, मधे आणखी चारदा. मग ते सगळे आवाज एकावर एक रचत होता. रडणारा माणूस इतक्या वेळा सुरात येत नाही. ते काम आहे."

माधवी समूहगानात गाते, त्यामुळे तिच्या बोलण्याला वजन आहे. मी तिच्या बाजूचा आहे म्हणून मला तसं वाटत असेल, तर वाटू दे.

"पण एकांत नसता तर..."

"एकांताचं तू बोलूच नकोस," बापू म्हणाला. "कादंबरी लिहायला गेला होतास ना एकांतात? दुसऱ्या संध्याकाळी परत!"

"तिथे रेंज नव्हती."

"आणि माझी सॅक घेऊन गेला होतास. ती अजून तुझ्याकडेच आहे."

सॅकवर बराच वेळ गेला. तिची चेन मुळातच खराब होती, असा संदीपचा दावा. बापूने तो तेव्हाही मानला नव्हता.

"आणि एकटा एकटा काय लावलंयस?" माधवी मूळ पदावर आली. "शीर्षकगीतात ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन कोण वाजवतंय? अस्वलं?"

"ते नंतर घातलंय."

"तेच म्हणतेय मी. नंतर घातलंय. ऐकून, विचार करून घातलंय."

खरं तर संदीपला आवडावी अशी गोष्ट दुसरीच आहे, पण त्याच्या भक्तीत ती बसत नाही. व्हर्ननने 'फॉर एमा'तल्या कितीतरी चाली आधी शब्दांशिवाय गायल्या. नुसते स्वर, नुसता हुंकार. मग तेच रेकॉर्डिंग पुन्हा ऐकत, त्या आवाजांतून कुठले शब्द ऐकू येतात ते तो लिहीत गेला. म्हणून त्या नऊ गाण्यांचा अर्थ विचारला तर भलेभले आवंढा गिळतात, आणि तरी पोटात काहीतरी हलतं. दुःख सांगितलेलंच नाही, त्याचा फक्त आवाज काढलाय. त्यासाठी बर्फापेक्षा कान जास्त लागतो. पण 'कान चांगला होता' ही काही दंतकथा होत नाही. केबिनची होते.

"मी त्याला पहिल्यापासून ऐकतोय," संदीप आता हुद्द्यावर आला. "२००७मध्ये त्याने स्वतः पाचशेच सीड्या काढल्या होत्या, तेव्हापासून!"

"थापा मारू नकोस," माधवी म्हणाली. "त्या अल्बममधलं 'स्किनी लव्ह' तू २०११मध्ये ऐकलंस. त्या चौदा वर्षांच्या बर्डीच्या आवाजात, पियानोवर. आणि ते मूळ तिचंच आहे म्हणून माझ्याशी भांडलास."

बापू इतका हसला की त्याला ठसका लागला. ठसक्यातूनच त्याने विचारलं, "आणि ग्रॅमीवाल्यांनी याला 'नवा कलाकार' म्हणून बक्षीस कधी दिलं?"

"२०१२मध्ये," मी म्हणालो.

"म्हणजे ते संदीपपेक्षाही उशिरा पोचले!"

संदीप घुश्शात. "तुम्हाला मुद्दाच कळत नाही. कलावंताला वेदना लागते."

"तुला लागते," माधवी म्हणाली. "तुला त्याचं गाणं नकोय, त्याचं दुखणं हवंय. तुझी रात्र बरी जावी म्हणून त्याने जन्मभर तापाने फणफणायचं का?"

"मी असं कधी म्हटलं?"

"माणूस सुखी झाला त्याला मेल्याहून वाईट कोण म्हणालं मग?"

यावर संदीप जे बोलला ते मात्र अगदीच टाकाऊ नव्हतं. नवी गाणी ऐकताना छान वाटतात, पण नंतर मनात राहत नाहीत, असं तो म्हणाला. माधवीकडे याला उत्तर नव्हतं. मी तिला ओळखतो. उत्तर नसलं की ती प्रश्न विचारते.

"जुन्यातलं तुझ्या मनात काय राहिलंय? म्हण एक ओळ."

संदीपने डोळे मिटले. मान वर केली, आवाज पातळ केला आणि 'स्किनी लव्ह' धरलं. सूर बरा होता. शब्द इंग्रजी नव्हते, मराठीही नव्हते.

"चुकलास," म्हणत बापूने स्वतःचे शब्द घातले, खालच्या पट्टीत. माधवीला राहवेना, ती दोघांच्या मधे घुसली. मीही. चौघांचे शब्द चार तऱ्हेचे आणि प्रत्येकाला स्वतःबद्दल पक्की खात्री.

वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. "अहो, कुणाला लागलंय का?"

"नाही काकू," संदीप डोळे न उघडताच ओरडला, "फोक आहे!"