काठपदराची जीन्स

पहिल्या रात्री आई पाणी प्यायला उठली आणि बाहेरच्या खोलीतून ओरडली, "अरे, कोण उभं आहे तिकडे?" आम्ही धावत जाऊन दिवा लावला. कोपऱ्यात भिंतीला टेकून माझी नवी जीन्स उभी होती. आत कुणी नव्हतं. झोपण्यापूर्वी मी ती काढून ठेवली होती एवढंच, पण ती खाली बसायला तयार नव्हती. मानपान चुकल्यामुळे मांडवात एका बाजूला उभ्या राहिलेल्या व्याह्यांसारखी ताठ.

"ही पँट आहे की पत्रा?" बायकोने विचारलं, आणि लगेच पुढचा प्रश्न टाकला, "कितीला?"

"साडेतीन हजार," मी म्हणालो. खरा आकडा 9,800 होता. तो इथे बिनधास्त लिहितो आहे, कारण ती माझं लिहिलेलं काहीही वाचत नाही.

असल्या जीन्सला इंग्रजीत रॉ म्हणतात. आपल्याकडे त्याला जास्त चांगला शब्द आहे: कोरी. करकरीत कोरी, खळसुद्धा न काढलेली. दुकानातली नेहमीची जीन्स आपल्या हातात येते तेव्हा तिचं निम्मं आयुष्य उरकलेलं असतं. कारखान्यात तिला प्यूमिसच्या दगडांबरोबर घुसळतात, एन्झाइम पाजतात, वर लेझरने भाजून मांडीवर सुरकुत्याही पाडून देतात. कोऱ्या जीन्समध्ये ही सगळी मेहनत गिऱ्हाइकाने करायची आणि पैसे जास्त द्यायचे. माझं कापड एका चौरस वाराला 16 औंस, म्हणजे जवळजवळ साडेचारशे ग्रॅम. वर सॅनफोराइझ न केलेलं, म्हणजे पाण्यात आटणारं. हा शेवटचा मुद्दा मी वाचला होता. समजला नंतर.

यातली गंमत अशी की, कापडाचा उभा दोरा, ताणा, निळा आणि आडवा, बाणा, पांढरा असतो, आणि नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत शिरतच नाही, वरवर बसते. जिथे घासेल तिथे निळा थर झिजून आतलं पांढरं वर येतं. काही महिन्यांनी पँटवर तुमच्या उठण्याबसण्याचा नकाशा उमटतो. खिशावर मोबाइलची चौकट, गुडघ्यामागे मधाच्या पोळ्यासारखी जाळी, मांड्यांवर मांजरीसारख्या मिशा. पथ्य एकच. तोवर धुवायची नाही.

"तोवर म्हणजे?" आईने विचारलं.

"सहा महिने."

आई काही बोलली नाही. तिने फक्त माझ्याकडे आणि मग देवघराकडे पाहिलं. मी घाईने पुरावे मांडले. लिवाईज कंपनीचे तेव्हाचे प्रमुख चिप बर्ग यांनी 2014 मध्ये जाहीर कार्यक्रमात सांगितलं होतं की, अंगावरच्या जीन्सने वर्षभरात वॉशिंग मशीनचं तोंड पाहिलेलं नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने तर एकच जीन्स 15 महिने न धुता घातली. मग धुऊन पुन्हा 13 दिवस घातली, आणि जंतू मोजले तर दोन्ही वेळा साधारण सारखेच.

"तिथे घाम येतो का?" आईने विचारलं. एप्रिल चालू होता. मी विषय बदलला.

त्याच आठवड्यात इचलकरंजीहून मामा आले. मामांची चाळीस वर्षं मागावर गेली, आधी जॉबर म्हणून, मग स्वतःचे सहा माग टाकून. ते घरात आले की आधी पडद्यांना हात लावतात, मग माणसांची विचारपूस करतात. मी अभिमानाने जीन्सचा पाय खालून उलटा केला आणि बाहेरच्या शिवणीला आतून लागून जाणारी पांढरी पट्टी आणि तिच्यातला लाल दोरा दाखवला. "मामा, हे सेल्व्हेज. याच्यासाठीच सगळे पैसे."

मामांनी चष्मा वर केला, पट्टीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. "आरं, ह्यो तर काठ हाय."

"हो, पण..."

"धोटा बाण्याचा दोरा घिऊन हिकडनं जातुय, त्योच दोरा घिऊन माघारी फिरतुय. कड बांधली जाती आपोआप. नव्या बिनधोट्याच्या मागावर दर फेरीला बाणा कापत्यात, म्हणून तिथं झालर ऱ्हाती. ह्येला काय जगाला सांगायचं? पन्हा किती?"

"तीस इंच."

"बास? हातरुमाल इणत्यात व्हय तिथं?"

मी हार मानली नाही. जपानमध्ये ओकायामा प्रांतातल्या कोजिमा गावात जुने टोयोडा माग कसे जिवापाड जपतात ते सांगितलं. पुढे मोटारी काढल्या तेच हे टोयोडा, आणि त्यांचा नावाजलेला जी मॉडेलचा माग 1924 चा, असंही ऐकवलं. मामांनी बोटं मोजली. "आमच्यात पहिला यंत्रमाग 1904 ला आला. ईस वरसं आधी." मग मी अमेरिकेची आठवण काढली, ग्रीन्सबरोची व्हाइट ओक गिरणी, असं कापड विणणारी तिथली शेवटची मोठी गिरणी, 2017 च्या अखेरीस बंद झाली तेव्हा शौकिनांनी किती हळहळ केली. त्यावर मामा थोडा वेळ गप्प बसले. "गिरणी बंद पडल्याचं आमाला नगं सांगू. आमच्या गल्लीतलं धोट्याचं माग भंगारात किलोवर गेलं. एक बी जपानी आला न्हाई बघाय."

"म्हणजे काठपदराची पँट घेतलीस तू," बायको आतून म्हणाली. "मला पाडव्याला काठपदराची साडी मागितली तर महाग वाटली होती."

लाज राखायला मी एक शेवटचा दाखला काढला. इंग्रजीतला डंगरी हा शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेला आहे. तिथे मिळणाऱ्या जाड्याभरड्या कापडाचं ते नाव. डेनिमच्या भावकीतलंच ते, कष्टकऱ्यांच्या अंगावर झिजलेलं. तेव्हा ही जीन्स म्हणजे एका अर्थी माहेरी आलेली लेक. यावर मामा एवढंच म्हणाले, "लेकीला आंघूळ तरी घाला."

आता पायांचं. असल्या जीन्स एकाच लांबीत येतात आणि ती लांबी माझ्या उंचीच्या माणसासाठी नसते. आतली शिवण 36 इंच. मला लागते 30. खरा नियम असा की आधी गरम पाण्यात भिजवून आटवायची आणि मग पाय कापायचे. पण धुवायची नाही हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की भिजवणं मला धुण्याची चुलत बहीण वाटली. आटेल तेवढं आटो म्हणून एक इंच जास्त सोडायचं ठरवलं आणि कोपऱ्यावरच्या अल्टरेशनवाल्याकडे गेलो.

पारखी लोक पायाच्या खालच्या दुमडलेल्या पट्टीला साखळी टाका घालतात. त्यासाठी युनियन स्पेशल कंपनीचं 43200 जी नावाचं जुनं यंत्र हवं, आणि ते ज्याच्याकडे असतं तो ते मिरवतो. आमच्या टेलरकाकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"साखळी टाका म्हणजे धान्याच्या पोत्याचं तोंड शिवतात तो? एक दोरा ओढला की सर्रकन उसवतो तो?"

"तोच."

"साध्या मशीनची शिलाई पक्की असते हो."

"पण काका, त्या टाक्याने पट्टीला पीळ पडतो. घडी जराशी तिरकी ओढली जाते. मग झिजल्यावर दोरखंडासारखी नक्षी दिसते."

"म्हणजे शिलाई तिरकी यायला हवी?" काकांनी मागे वळून हाक मारली, "बारक्या, हे तू घे."

बारक्या रोजच तिरकी मारत असावा. शेवटी साध्या टाक्यावर तडजोड झाली. काकांनी खडूने खूण केली, कात्री घातली, कच-कच असा आवाज आला, बांबू कापल्यासारखा. कापलेले दोन तुकडे मी मागून घेतले. 9,800 भागिले एकूण लांबी केलं तर तेवढ्या तुकड्यांतही चांगलं जेवण झालं असतं. पट्टी दुमडल्यावर शिवणीपाशी इतके थर झाले की काकांनी हातोडी काढून ती जागा आधी ठोकून चपटी केली. तरी 18 नंबरची सुई मोडली. संध्याकाळी या, म्हणाले.

संध्याकाळी गेलो तेव्हा डावा पाय तयार होता आणि काका उजवा पाय दुसऱ्या मशीनवर चढवत होते. ओव्हरलॉकच्या, जे कड छाटत छाटत दोऱ्याने बांधतं.

"कंपनीने फसवलंय तुम्हाला," ते आपुलकीने म्हणाले. "इतकी महागाची पँट, आणि बाहेरची शिवण आतून ओव्हरलॉकच केली नाही. कापडाची कड तशीच सोडलीय! डावी बाजू गुडघ्यापर्यंत नीट करून दिली. त्याचे पैसे नकोत."

मशीनखालच्या केराच्या डब्यात, बाकीच्या चिंध्यांच्या वर, माझे लाल दोरे पडले होते. मी ओरडलो की नुसता उभा राहिलो ते आठवत नाही. उजवा पाय मात्र वाचला. आणि खरं सांगायचं तर काकांवर रागावणार कसं? सुटी कड दिसली की ती बांधायची, हाच त्यांचा धर्म. ती आधीच बांधलेली होती हे त्यांना मी सांगायला हवं होतं. मी तासभर फक्त पोत्याच्या टाक्यावर बोललो होतो.

सेल्व्हेज जीन्स घालणारे पाय बाहेरून एकदा दुमडतात, काठ दिसावा म्हणून. माझ्याकडे दाखवण्याजोगा एकच काठ उरला होता, म्हणून मी एकच पाय दुमडायला लागलो. पहिल्याच दिवशी सिग्नलला मागच्या स्कूटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, एक पाय वर राहिलाय." दुसऱ्या दिवशी वॉचमनने तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एका बाईंनी काळजीने विचारलं, "चिखलात पडलात का?"

पँट मोडून अंगाशी बसवणं हा वेगळाच छळ. पहिले दोन आठवडे गुडघ्यामागची कातडी सोलून निघाली. जिना चढताना पँट आधी वाकायची की मी, यावर रोज वाद. आणि तिच्यात मांडी घालता येत नाही, हे मला चुलत भावाच्या वास्तुशांतीला कळलं. पंगत जमिनीवर. मी खाली बसलो म्हणजे पडलो, आणि पाय सरळ पुढे ठेवून तसाच राहिलो. वाढपी जिलबीचं ताट घेऊन दर फेरीला माझे पाय ओलांडायचे आणि माझ्या पानात वाढायला विसरायचे. जेवण झाल्यावर दोघांनी काखेत हात घालून मला उठवलं आणि आजारी समजून दिवाणखान्यातल्या नव्या मोतिया रंगाच्या सोफ्यावर बसवलं. मी उठलो तेव्हा तिथे शेजारी शेजारी दोन निळे अर्धगोल उमटले होते. कुणाचे आहेत हे ओळखायला कुणाला वेळ लागला नाही.

मे महिन्याअखेर वास यायला लागला. त्या अल्बर्टाच्या मुलाने म्हणे वास आला की जीन्स फ्रीझरमध्ये ठेवली होती. मीही पिशवीत बांधून मटार आणि ओल्या खोबऱ्याच्या मध्ये ठेवली. थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात, हे मला नंतर कळलं. आईला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. "त्या खोबऱ्याचे मोदक करायचे होते," एवढंच ती म्हणाली आणि खोबरं टाकून दिलं.

शेवट पावसाने केला. जुलैची संध्याकाळ, सिंहगड रोड, स्कूटर. रेनकोटची पँट या पँटवरून चढेना. घरी पोचेपर्यंत मी चिंब, आणि उंबऱ्यापासून न्हाणीघरापर्यंत निळ्या पावलांची रांग. जीन्स सोलून काढली तर आत मीही निळा, कमरेपासून घोट्यापर्यंत, एकसारखा. "नीळ भरलेल्या पिंपात पडलेला तो कोल्हा असाच दिसत असेल," आई म्हणाली. तिला फार दिवसांनी इतकं हसताना पाहिलं.

ओल्या कुत्र्याचा वास सुटल्यावर धुण्याला पर्याय नव्हता. उलटी करून गार पाण्यात घातली. आईने मूठभर मीठ टाकलंच. नव्या साडीच्या पहिल्या धुण्याला टाकतात तसं. निळीला मिठाचं काही वाटत नाही हे मी सांगून पाहिलं. चार वेळा पाणी बदललं, चारही वेळा दौतीतल्या शाईसारखं. कामाच्या मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. "पांढरी पाडायचीय ना? माझ्याकडे द्या की. ब्रशने घासून दोन दिसांत पांढरी करते."

गच्चीवर वाळली तेव्हा ती पुन्हा आपल्या पायांवर उभी होती. फक्त पाय आखूड झाले होते. 31 इंचांचे साडेअठ्ठावीस. घातली तर घोटे उघडे, नदी ओलांडायला निघाल्यासारखे. आता दुमडायचा प्रश्नच मिटला.

मी ती घेऊन पुन्हा टेलरकाकांकडे. पाय वाढवून मिळतील का?

"कापलेले तुकडे आहेत ना? जोड देतो," काका म्हणाले. "यावेळी ओव्हरलॉक नाही करत, बस?"

तुकडे! मी घरी येऊन कपाट उपसलं. कुठेच नाहीत. मग चहाची वेळ झाली, आईने गॅसवरचं पातेलं उतरवलं, आणि मला ते दिसले. दोन्ही तुकडे उसवून, मध्ये जुन्या धोतराचं कापड घालून, तिने पातेलं धरायची दोन फडकी शिवली होती. तीन महिने रोज वापरून, रोज धुऊन, कडेला चटके खाऊन त्यांना असा रंग आला होता की काय सांगू. बोटांच्या जागी पांढऱ्या लाटा, मध्ये आभाळासारखा फिका निळा, आणि दोन कडांना तो काठ, ओव्हरलॉक न लागलेला, लाल दोरा जिथल्या तिथे.

"आई, हे मला देशील?"

"हात भाजू का मी?" ती म्हणाली, आणि चहा गाळायला लागली.

गणपतीला मामा आले. स्वयंपाकघरात शिरून त्यांनी सवयीने फडक्याला हात घातला, उलटंसुलटं केलं, काठावरून नख फिरवलं. "कापड झकास हाय गं आक्का," ते म्हणाले. "कुठनं आणलंस?"