‘सगळं डिलीट करा’ हा सल्ला गुन्हेगाराच्याच पथ्यावर पडतो

जळगाव-धुळ्याकडच्या समाजाच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: मोबाइलने पोरी बिघडल्या, त्यांना डीपी ठेवू देऊ नका, फोटो व्हायरल झालाच तर सगळं डिलीट करून नंबर बदला, पोलिसांत गेलं की बदनामीच.

मोबाइलने? फोटोंचा धाक दाखवून बायकांचं शोषण करणारं जळगावचं वासनाकांड 1994 साली उघडकीस आलं. देशात मोबाइल सेवा सुरू झाली 1995 मध्ये.

डीपी काढूनही भागत नाही. काकाने ठेवलेल्या हळदीच्या स्टेटसवरून चेहरा उचलता येतो आणि एआयने नग्न फोटो बनवायला तेवढा पुरतो. उलट ‘घरी कळलं तर मोबाइल जाईल, कॉलेज सुटेल’ या भीतीने पोर गप्प बसते. ब्लॅकमेल करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

सगळ्यात घातक सल्ला डिलीटचा. चॅट पुसलं की पुरावाच गेला. आधी स्क्रीनशॉट घ्या: सेव्ह केलेलं नाव नको, पूर्ण नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे. इन्स्टाग्रामवर प्रोफाइलची लिंक कॉपी करा, वरचं नाव कुणीही बदलतं. चॅट वरपासून खालपर्यंत सरकवत स्क्रीन रेकॉर्डिंग करा. पैसे गेले असतील तर यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, जपा. आणखी पैसे देऊ नका, मागणी थांबत नाही. ब्लॉक आणि रिपोर्ट या सगळ्यानंतरच, कारण रिपोर्ट करताना व्हॉट्सअ‍ॅपवरचं चॅट पुसलं जाऊ शकतं. फोन रीसेट करू नका. आणि तो फोटो ‘बघा काय केलं’ म्हणून नातेवाइकांना पाठवू नका.

‘पोरगा सुरतचा, तिकडे जा’ असं ठाण्यात सांगितलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 दाखवा. गुन्हा कुठेही घडो, शहाद्यासारख्या तुमच्या गावच्या ठाण्यातही झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेली फिर्याद, नोंदवावाच लागतो. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते, पण तिचा पुढे माग घेता येत नाही. शक्य असेल तर नाव देऊनच करा.

‘तिनेच पाठवला होता ना?’ फोटो काढायला संमती म्हणजे पसरवायला संमती नव्हे, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 मध्येच लिहिलंय. पहिल्यांदा दोषी ठरला तरी किमान 1 वर्ष, कमाल 3 वर्षं कैद.

फोटो पसरू नये म्हणून ‘स्टॉप एनसीआयआय’ ही मोफत सेवा आहे. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा फक्त सांकेतिक ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि तो जुळला की त्या फोटो अडवतात. मुलगी 18 वर्षांखालची असेल तर त्याऐवजी ‘टेक इट डाउन’ वापरा.