टप्प्याटप्प्याने चाललेली वाट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

अमेरिकेच्या पूर्वेकडील अ‍ॅपलाचियन ट्रेल या लांब पायवाटेवरच्या, मेरीलंड आणि उत्तर व्हर्जिनियातील आमच्या पायी प्रवासाविषयीच्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की सहा वर्षांत जेमतेम 315 किलोमीटर चाललेल्या कुटुंबाने ‘आम्ही अ‍ॅपलाचियन ट्रेल चालत आहोत’ असे म्हणणे हा घरदार सोडून पाच-सहा महिने सलग चालणाऱ्यांचा अवमान आहे. टप्प्याच्या शेवटी आधीच गाडी उभी करून ठेवणे ही सहलीची सोय आहे. आणि आईवडिलांच्या हौसेपायी मुले यात ओढली जातात, शिवाय त्या वयातले त्यांना पुढे काही आठवतही नाही. या गतीने उरलेल्या वाटेला साठ वर्षे लागतील, असा हिशेबही आपण मांडला आहे आणि तो बरोबर आहे.

पहिला मुद्दा मात्र मला मान्य नाही. जॉर्जियातील स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधील कटाडिनपर्यंत 14 राज्यांतून जाणारी ही सुमारे 3,500 किलोमीटरची वाट मुळात एका दमात चालण्यासाठी आखलेलीच नव्हती. बेंटन मकाय यांनी 1921 मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर पूर्व किनाऱ्यावरील औद्योगिक शहरांतला कष्टकरी माणूस होता, जो सुट्टीचे थोडे दिवस जवळच्या डोंगरात घालवून पुन्हा कामावर परतेल. संपूर्ण वाट पायी पूर्ण करणारे पहिले गृहस्थ म्हणून ज्यांची नोंद आहे, त्या मायरन एव्हरी यांनीही ती टप्प्याटप्प्यानेच, वाटेची आखणी आणि मोजणी करता करता, 1936 मध्ये पूर्ण केली. तेव्हा वाट पूर्ण जोडली जायला आणखी एक वर्ष बाकी होते. संपूर्ण वाट सलग चालणारे पहिले म्हणून ज्यांची नोंद आहे, त्या अर्ल शेफर यांची चाल 1948 सालची. म्हणजे सलग चालण्याची परंपरा नंतरची आहे आणि तिच्याबद्दल मला अतोनात आदर आहे, पण त्या परंपरेने आधीच्या परंपरेला परके ठरवावे, हे मला पटत नाही. संपूर्ण वाट चालणाऱ्यांची नोंद ठेवणारी अ‍ॅपलाचियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सीही एका फेरीत चाललेला आणि अनेक फेऱ्यांत चाललेला असा भेद करत नाही. क्रम, दिशा, वेग, लागलेली वर्षे यांपैकी काहीच ती विचारत नाही. चाललो की नाही, हे ज्याने त्याने प्रामाणिकपणे सांगायचे असते.

तरीही आपल्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे आणि माझ्या लेखात ती सुटली होती. सलग चालणाऱ्याचे शरीर काही आठवड्यांनी वाटेला सरावते, पायाचे फोड बरे होतात, पाठीवरचे वजन अंगवळणी पडते आणि त्यानंतर त्याचे लक्ष खऱ्या अर्थाने भोवतालाकडे जाते. आमच्या वाट्याला ते कधीच येत नाही. आमचा प्रत्येक टप्पा हा पहिलाच आठवडा असतो: तेच खांदे दुखणे, तोच पहिल्या रात्री तंबूत न लागणारा डोळा, आणि अंग जरा मोकळे होते न होते तोच परतीचा दिवस. दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकणारा वसंत पायांखाली अनुभवणे हेही आम्हाला शक्य नाही. ‘आमचा अनुभव त्यांच्याइतकाच पूर्ण आहे’ असे मी लिहिले होते. ते वाक्य चुकीचे होते आणि मी ते मागे घेत आहे.

गाडीचे सांगायचे तर ती सोय आहेच. टप्प्याच्या शेवटी गाडी ठेवायची, दुसऱ्या वाहनाने सुरुवातीच्या ठिकाणी यायचे आणि आपल्याच गाडीच्या दिशेने चालत राहायचे, म्हणजे थकलेल्या मुलांना घेऊन रस्त्याकडेला कुणाची वाट पाहावी लागत नाही आणि ठरलेली वेळ गाठण्यासाठी त्यांना पळवावेही लागत नाही.

मुलांबद्दलचे आपले वाक्य मात्र मी अनेकदा वाचले, कारण ते एका विशिष्ट दिवसाला लागू पडते. उत्तर व्हर्जिनियात ‘रोलर कोस्टर’ नावाने ओळखला जाणारा सुमारे 22 किलोमीटरचा पट्टा आहे, जिथे एकामागून एक चढ-उतार येतात आणि माथ्यावर पोहोचल्याचे समाधानही फारसे मिळत नाही. तिथे दुसऱ्या दिवशी पावसात मुलाची टाच सोलवटली आणि मुलीने शांतपणे विचारले, की पुढच्या रस्त्यावर उतरून थांबता येईल का. थांबता आले असते. पण मग मध्ये नऊ किलोमीटरची फट राहिली असती आणि तेवढ्यासाठी पुन्हा यावे लागले असते, म्हणून मी ‘थोडेच उरले आहे’ असे सांगून त्यांना पुढे नेले. ते चालणे मुलांसाठी नव्हते, माझ्या नकाशावरची रेघ अखंड राहावी म्हणून होते. आपण ज्याला ओढणे म्हणता, ते हेच.

त्यानंतर आम्ही टप्पे निवडण्याची रीतच बदलली. शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात ही वाट सुमारे 160 किलोमीटर चालते आणि तेवढ्यात स्कायलाइन ड्राइव्ह हा रस्ता 28 वेळा ओलांडते; म्हणजे दर काही किलोमीटरवर थांबण्याचा सन्माननीय पर्याय असतो. तीन हंगाम आम्ही तिथेच काढले, दोनदा ठरल्याआधी उतरलो आणि राहिलेले तुकडे पुढच्या वर्षी जोडले. रोज संध्याकाळी गोचिडींसाठी मुलांचे गुडघ्यांमागचे खळगे, काखा, केसांची मुळे तपासणे हा आता आमच्या दिनक्रमाचा भाग आहे, कारण या पट्ट्यात लाइम रोगाचा धोका खरा आहे. काही मर्यादा तर वाटच घालून देते: कटाडिनवर सहा वर्षांखालील मुलांना वृक्षरेषेच्या, म्हणजे जिथे झाडे संपतात त्या उंचीच्या, वर नेण्यास बॅक्स्टर स्टेट पार्कची मनाई आहे, आणि ती योग्यच आहे.

राहिला आठवणींचा प्रश्न. आपली प्रतिक्रिया वाचून मी मुलाला विचारले. मेरीलंडचा टप्पा केला तेव्हा तो सहा वर्षांचा होता, आणि वाट दाखवणाऱ्या, झाडांवर रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्या मोजल्याखेरीज त्याला खरोखरच काही आठवत नाही. त्याची बहीण त्याला बरेच काही सांगते, पण ते तिचे आठवणे आहे. शेनान्डोआच्या दक्षिण टोकाला असलेल्या रॉकफिश गॅपपासून पुढे दक्षिणेकडे जाण्याचे आमचे ठरले होते. आता त्याने मेरीलंड पुन्हा चालायचे म्हटले आहे, नकाशा स्वतः वाचायचा आणि पुढे स्वतः राहायचे, या अटीवर. त्या 65 किलोमीटरने आमचे एकूण अंतर एका पावलानेही वाढणार नाही आणि आपल्या हिशेबात आणखी एक वर्ष मिळवावे लागेल. येत्या जूनमध्ये आम्ही तोच टप्पा करणार आहोत.