मोझांबिकचे युद्ध ध्यानाने थांबले? तारखा तसे सांगत नाहीत

आफ्रिकेत ध्यानाच्या बळावर शांतता आणणाऱ्या गटांचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे केला जातो. योगविषयक पानांवर आणि व्हॉट्सॲपच्या गटांमध्ये तो अधूनमधून नव्याने फिरतो, आणि त्याचा आशय साधारण असा असतो: मोझांबिकचे राष्ट्राध्यक्ष जोआकिम चिसानो यांनी १९९२ मध्ये महर्षी महेश योगींचे भावातीत ध्यान शिकून घेतले, नंतर ते मंत्र्यांना आणि सोळा हजार सैनिकांना शिकवले, लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या वर्गमुळाइतकी माणसे एकत्र ध्यानाला बसली की समाजातली हिंसा ओसरते, हा नियम त्यातून सिद्ध झाला, त्यामुळे पंधरा वर्षांचे यादवी युद्ध थांबले, दुष्काळ हटला आणि शांतता टिकली.

चिसानो ध्यान करत होते आणि त्यांनी ते कधी लपवले नाही, एवढा भाग खरा आहे. मीही रोज सकाळी डोळे मिटून बसते, त्यामुळे ध्यानाची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. आक्षेप आहे तो युद्ध थांबण्याचे कारण म्हणून ध्यानाचे नाव घेण्याला, कारण तसे करताना ज्यांनी हे युद्ध प्रत्यक्षात थांबवले त्या माणसांची नावेच पुसली जातात.

पहिला मुद्दा, ध्यान आले आणि युद्ध थांबले. शांतता करारावर रोममध्ये ४ ऑक्टोबर १९९२ रोजी सह्या झाल्या, पण वाटाघाटींची पहिली बैठक ८ जुलै १९९० ची आहे. म्हणजे मजकुरातल्याच तारखेनुसार चिसानो ध्यान शिकले तेव्हा दोन्ही बाजू किमान दीड वर्ष एका टेबलाशी बसत होत्या. ते टेबल होते रोमच्या त्रास्तेव्हेरे भागातल्या एका जुन्या मठात, जिथे संत एजिदिओ या कॅथलिक सेवाभावी समुदायाचे ठाणे आहे. समुदायाचे संस्थापक आंद्रेआ रिक्कार्दी, त्यांचे सहकारी पाद्री मात्तेओ झुप्पी, इटलीच्या सरकारतर्फे मारिओ राफाएल्ली आणि मोझांबिकमधल्या बैरा शहराचे आर्चबिशप जैमे गोन्साल्विस हे चौघे मध्यस्थ होते. सरकारच्या बाजूने आर्मांदो गेबुझा आणि रेनामो या बंडखोर संघटनेच्या बाजूने राउल दोमिंगोस बोलत असत. हे सारे सत्तावीस महिने चालले.

या चौघांपैकी गोन्साल्विस यांच्यापाशी थोडे थांबायला हवे. युद्ध ऐन भरात असताना, १९८८ मध्ये, हे आर्चबिशप रानात जाऊन रेनामोचे नेते अफोन्सो द्लाकामा यांना भेटले. सरकारच्या लेखी द्लाकामा हे तेव्हा केवळ ‘सशस्त्र डाकूंचे’ म्होरके होते. हे दोघेही न्दाऊ भाषिक. मातृभाषेत बोलताना समोरचा माणूस लढाईला कंटाळला आहे, हे गोन्साल्विस यांच्या ध्यानात आले. (हा ‘ध्यानात येण्याचा’ प्रकार मात्र शांततेला निश्चित उपयोगी पडला.)

भेटींना फळ येण्यासारखी परिस्थितीही तोवर तयार होत होती. रेनामोला प्रथम ऱ्होडेशियाच्या (म्हणजे आजच्या झिंबाब्वेच्या) गुप्तचर खात्याने उभे केले आणि १९८० नंतर वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेने पोसले. मोझांबिक आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातल्या १९८४ च्या न्कोमाती कराराने ही मदत थांबायला हवी होती. ती चोरून चालू राहिली आणि दक्षिण आफ्रिकेचेच राजकारण बदलू लागले तेव्हा कुठे आटली. दुसरीकडे सोव्हिएत आधार निसटत असताना सत्ताधारी फ्रेलिमोने १९८९ च्या अधिवेशनात मार्क्सवाद-लेनिनवाद सोडला आणि १९९० च्या अखेरीस बहुपक्षीय राज्यघटना आणली, त्यामुळे रेनामोची मोठी मागणी वाटाघाटींच्या ऐन सुरुवातीलाच मान्य झाल्यासारखी झाली. डिसेंबर १९९० मध्ये बैरा आणि लिंपोपो या दोन रेल्वेमार्गांपुरता मर्यादित युद्धविरामही झाला. यातली एकही गोष्ट १९९२ नंतरची नाही.

ओघात एक गोमंतकीय दुवा सांगून टाकते. चिसानो अध्यक्षपदी आले ते त्यांच्या आधीचे अध्यक्ष सामोरा माशेल १९ ऑक्टोबर १९८६ रोजी विमान अपघातात मरण पावले म्हणून, आणि त्याच विमानात माशेल यांचे सल्लागार आकिनो द ब्रागांसा हेही होते, ज्यांचा जन्म गोव्याचा.

दुसरा मुद्दा सोळा हजार सैनिकांचा. करारानुसार दोन्ही फौजांमधून प्रत्येकी पंधरा हजार सैनिक घेऊन तीस हजारांचे नवे सैन्य उभे राहायचे होते. संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली सुमारे ७८,००० सैनिकांना कार्यमुक्त करण्यात आले आणि नव्या सैन्यात राहायला जेमतेम बारा हजार तयार झाले. बाकीच्यांना घरी जायचे होते. तेव्हा सोळा हजार ध्यानस्थ सैनिकांचा आकडा शब्दशः मानला, तर तो अख्ख्या नव्या सैन्याहून मोठा भरतो. आणि जुन्या फौजेतले किंवा पोलिसांतले लोक त्यात धरले असतील, तर ते बंदूक ठेवून गावी निघालेले किंवा मुळात आघाडीवर नसलेले लोक होत. सैनिकांना ध्यान शिकवण्याचा कार्यक्रम १९९४ चा सांगितला जातो, म्हणजे तोफा थंडावून तेव्हा वर्ष-दीड वर्ष लोटले होते. सैनिक गावी गेले यामागचे कारण साधे होते: त्यांना दोन वर्षांचा भत्ता हप्त्याहप्त्याने मिळणार होता. रेनामोला राजकीय पक्ष म्हणून उभे राहता यावे यासाठी वेगळा निधी होता, त्यात इटलीचा वाटा मोठा होता. शांतिसेनेत भारतीय लष्कराच्या अभियंता आणि रसद तुकड्याही होत्या, हेही आपल्याकडच्या मजकुरात कधी येत नाही.

तिसरा मुद्दा वर्गमुळाचा. त्या वेळी मोझांबिकची लोकसंख्या दीड कोटीच्या आसपास होती. तिचा एक टक्का दीड लाख आणि त्याचे वर्गमूळ ३८७. हेच गणित महाराष्ट्राला लावले, तर २०११ च्या जनगणनेतल्या ११ कोटी २४ लाख लोकांसाठी सुमारे १,०६० माणसे पुरतात. इतक्या स्वस्तात शांतता मिळत असती, तर एखाद्या मंगल कार्यालयात महिनाभर शिबिर भरवून पोलीस खात्याचे अर्धे अंदाजपत्रक वाचवता आले असते. या सूत्राचे सर्वांत गाजलेले प्रयोग जेरुसलेममधला १९८३ चा आणि वॉशिंग्टनमधला १९९३ चा. वॉशिंग्टनमध्ये सुमारे चार हजार ध्यानकर्ते जमले आणि हिंसक गुन्हे घटल्याचे जाहीर झाले. ही घट मात्र आदल्या वर्षीच्या गुन्ह्यांशी ताडून काढलेली नव्हती, तर ध्यान झाले नसते तर किती गुन्हे घडले असते या संशोधकांच्याच अंदाजाशी तुलना करून काढलेली होती. त्या संशोधनाला १९९४ मध्ये शांततेचे ‘इग नोबेल’ हे उपरोधिक पारितोषिक मिळाले.

दुष्काळाच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. १९९१-९२ चा दुष्काळ एल निनोचा होता, तो आफ्रिका खंडाच्या साऱ्या दक्षिण भागात पडला आणि सगळीकडेच पुढच्या हंगामातल्या पावसाने सरला. उलट त्या दुष्काळानेच लढणाऱ्यांची रसद तोडली, कारण गावांतच धान्य नव्हते तर रेनामो लुटणार कुठून? निसर्गाचा समतोल ध्यानाने राखला म्हणावे, तर चिसानोंच्याच कारकिर्दीत, २००० च्या महापुरात, सुमारे सातशे माणसे दगावली आणि लिंपोपोच्या पुरात झाडावर आसरा घेतलेल्या एका बाईची तिथेच प्रसूती झाली, हे कोणत्या खात्यावर मांडायचे?

समाजगटांनी शांतता आणली या विधानाशी मात्र माझे भांडण नाही. त्यासाठी मोझांबिकमध्ये पुष्कळ जवळची उदाहरणे आहेत. १९९० मध्ये झांबेझिया प्रांतात मानुएल आंतोनिओ नावाच्या एका तरुण वैद्याभोवती ‘नापारामा’ ही शेतकऱ्यांची चळवळ उभी राहिली. गोळी लागू नये म्हणून अंगावर औषधाचे चिरे पाडून घेतलेली, हातात भाले घेतलेली ही माणसे रेनामोने धरलेल्या गावांवर चालून गेली, आणि त्यांच्या दबदब्यामुळे हजारो कुटुंबे आपापल्या वाड्यांवर परतली. तीही श्रद्धाच होती आणि तीही हिंसेपासून अलिप्त नव्हती. आंतोनिओ १९९१ च्या अखेरीस लढाईतच मारले गेले. युद्धानंतर गावोगावच्या वैद्यांनी, ज्यांना तिथे पोर्तुगीजमध्ये ‘कुरांदेइरो’ म्हणतात, सैनिक केलेल्या पोरांचे शुद्धीकरण करून त्यांना घरात घेतले. १९९५ पासून तिथल्या ख्रिस्ती परिषदेने बिशप दिनिस सेंगुलाने यांच्या पुढाकाराने बंदुकीच्या बदल्यात कुदळ, सायकल किंवा शिलाई मशीन देण्याचा उपक्रम चालवला. त्या मोडक्या बंदुकांची केलेली एक खुर्ची आज ब्रिटिश संग्रहालयात आहे. तिच्या पाठीला रायफलींचे दस्ते आहेत, आणि तिच्यातले एकही शस्त्र आफ्रिकेत बनलेले नाही.

ध्यानाला त्याच्या मापाने जोखले तर तेही काही कमी नाही. युगांडातल्या काँगोली निर्वासितांपैकी सुमारे वीस लोकांना भावातीत ध्यान शिकवले असता आघातोत्तर तणावाची लक्षणे घटल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. अभ्यास छोटा आहे आणि पद्धतीचेच पुरस्कर्ते त्यात सहभागी आहेत, तरीही रात्री झोप न लागणाऱ्या माणसाला झोप लागणे ही मोठीच गोष्ट आहे. फक्त तिथून राष्ट्राच्या युद्धविरामापर्यंत उडी मारता येत नाही.

शेवटचा मुद्दा, शांतता टिकली. २०१३ मध्ये सैन्याने गोरोंगोझाच्या डोंगरातल्या रेनामोच्या तळावर हल्ला केला आणि रेनामोने रोमचा करार मोडल्याचे जाहीर केले. तेव्हा अध्यक्ष होते गेबुझा, म्हणजे रोममध्ये सरकारच्या बाजूने बसलेले तेच. २०१४ मध्ये नवा करार झाला, तोही फिसकटला. द्लाकामा मे २०१८ मध्ये डोंगरातच मरण पावले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये तिसरा करार झाला. उत्तरेकडच्या काबो देल्गादो प्रांतात २०१७ पासून वेगळेच सशस्त्र बंड पेटले आणि त्यात लाखो लोक विस्थापित झाले. रेनामोचा शेवटचा तळ बंद झाला तो जून २०२३ मध्ये, पाच हजारांहून अधिक लढवय्यांनी शस्त्रे खाली ठेवल्यावर, आणि तोवर त्यांच्याशी चाललेली सगळी घासाघीस निवृत्तिवेतन कधी सुरू होणार यावर अडली होती.