सोबत आलेले

पाट्या छापायच्या मोठ्या प्रिंटरचे कोटेशन काल आले आणि ते माझ्या नावाने नव्हते. ज्या गृहस्थांना उद्देशून ते लिहिले होते त्यांना मी डेमोच्या दिवशी प्रथमच पाहिले, आणि पुन्हा पाहण्याची मला मुळीच घाई नाही. 'आदरणीय महोदय' या मायन्याखाली त्यांच्या व्यवसायाची भरभराट होवो अशी सदिच्छा व्यक्त केलेली होती. त्यांचा व्यवसाय कोणता हे मला ठाऊक नाही. पाट्या, बोर्ड, बॅनर यांच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही, एवढे मात्र मी शपथेवर सांगू शकतो. पत्राच्या अगदी तळाशी 'माहितीसाठी प्रत' असे लिहून पुढे माझे नाव टाकले होते, आणि त्यातलीही एक वेलांटी चुकलेली होती. वेलांट्या बिनचूक छापणे हाच ज्याचा धंदा, त्याला हे असे पत्र यावे!

कटिंग प्लॉटरवर एकरंगी अक्षरे कापून चिकटवण्यात भागत असते, तोवर पाट्या करणारा माणूस सुखी असतो. पुढे गिऱ्हाइकांना अक्षरांमागे छायाचित्र हवेसे वाटू लागते, छपाई बाहेरून करून आणावी लागते, आणि एकाच दुकानाच्या दोन बोर्डांवरचा लाल रंग दोन निराळ्या घराण्यांतला निघतो. तेव्हा आपलाच मोठा प्रिंटर घ्यावा हा विचार मनात येतो आणि माणूस विक्री-प्रतिनिधींच्या तावडीत सापडतो.

मी मात्र अभ्यास करून गेलो होतो. मोठा प्रिंटर निवडायचा म्हणजे आधी शाई निवडायची, हे मला माहीत होते. सॉल्व्हंट, म्हणजे द्रावकाची, शाई व्हिनाइलचा (स्टिकरच्या प्लास्टिकचा) पृष्ठभाग किंचित विरघळवून त्यात रुतून बसते, म्हणून उन्हापावसात टिकते. पण तिचा वास डोक्यात जातो, आणि छापलेला माल निदान 24 तास मोकळा ठेवावा लागतो. घाईने लॅमिनेशन केले तर आत अडकलेला द्रावक गोंदाला सैल करतो आणि महिन्याभरात गिऱ्हाईक कडा उचललेला स्टिकर घेऊन दारात उभे राहते. तिचाच सौम्य प्रकार असलेल्या इको-सॉल्व्हंटला वास कमी, तरी नावावर विसंबून खिडक्या लावून घेण्यात अर्थ नाही. एचपीने 2008 साली आणलेली लेटेक्स शाई पाण्यावर आधारलेली असते आणि उष्णतेने पक्की होते, त्यामुळे प्रिंट बाहेर पडताच पुढच्या कामाला घेता येते. मात्र ती उष्णता वीज खाते, आणि एखादा पातळ मीडिया, म्हणजे ज्यावर छापायचे तो कागद किंवा व्हिनाइल, तापून लाटा धरतो. यूव्ही शाई अतिनील दिव्याखाली क्षणात घट्ट होते, सनबोर्डासारख्या ताठ प्लास्टिकच्या पत्र्यावर थेट छापता येते. परंतु तिचा थर वरच्यावर बसत असल्याने गाडीच्या वळणावर व्हिनाइल ताणताना तो तडकण्याची धास्ती असते. हे सगळे पाठ करून, वहीत प्रश्न लिहून, स्वतःची फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन मी डेमोला गेलो होतो. ते गृहस्थ तिथल्या थंड हवेसाठी आले होते.

प्रवेशाच्या टेबलापाशी ते माझ्या पुढे उभे होते, यापलीकडे आमचा संबंध नव्हता. हात पाठीमागे बांधलेले, मान किंचित मागे, पोट किंचित पुढे, आणि चेहऱ्यावर सगळे जग आपल्याला काही तरी विकायलाच निघाले आहे असा कंटाळा. मी मागे, वही छातीशी धरून. टेबलामागच्या मुलीने आम्हा दोघांकडे एकदाच पाहिले आणि त्यांच्या गळ्यात 'ग्राहक' असे लिहिलेला बिल्ला घातला व माझ्या गळ्यात 'सोबत आलेले'. मी हरकत घेतली. ती म्हणाली, "सर, आत गेल्यावर कोणी बघत नाही." आत गेल्यावर सर्वांनी फक्त तेवढेच पाहिले.

दालनाच्या मध्यभागी यंत्र उभे होते आणि त्यातून एक पोपट हळूहळू बाहेर येत होता. हा पोपट या व्यवसायातल्या प्रत्येक माणसाच्या ओळखीचा आहे. लाल, निळा, पिवळा, पिसे झगझगीत, मागे गर्द हिरवे रान. प्रिंटर कोणत्याही कंपनीचा असो, डेमोला बहुधा पोपट, नाही तर एखाद्या तरुणीचा डोळा, नाही तर कापलेली फळे. यामागे कारण आहे. रंगांची इतकी गर्दी जिथे असते तिथे यंत्राच्या चुका डोळ्याला सापडत नाहीत. आजवर माझ्याकडे पोपटाची पाटी मागायला कोणीही आलेले नाही.

"वजन किती?" गृहस्थांनी विचारले.

"कशाचे, सर?" प्रतिनिधी पुढे झाला. तरुण, चटपटीत मुलगा होता. त्याने बिल्ला वाचला, माझ्याकडे पाठ केली आणि आपले सर्वस्व गृहस्थांच्या चरणी वाहिले.

"यंत्राचे. पोपटाचे वजन मी कशाला विचारू?"

मुलगा मोठ्याने हसला आणि माहितीपत्रकात वजन शोधू लागला. ते सापडल्यावर गृहस्थांनी मान हलवली. "हलके आहे. हलके यंत्र थरथरते." या विधानात तथ्य आहे, आणि तेच मला अधिक झोंबले. शाईचे थेंब सोडणारे हेड वाहून नेणारी कॅरेज सेकंदासेकंदाला उलटी फिरते, त्या हिसक्याने सांगाडा हलला तर ठिपके जागेवर पडत नाहीत. माझ्या वहीत तो प्रश्न होता. चौथ्या पानावर.

मी पुढे होऊन शाई कोणती हे विचारले. "सांगतो, एक मिनिट," मुलगा म्हणाला, "आधी साहेबांचे होऊ द्या."

साहेबांनी आता टेबलावरचे भिंग उचलले होते. त्यातून ठिपके तपासायचे असतात. त्यांनी ते पोपटाच्या डोळ्यावर टेकवले, स्वतःचा एक डोळा मिटला आणि बराच वेळ ते त्या पक्ष्याशी नजरानजर करीत राहिले.

"यात ठिपके आहेत."

"सर, ठिपके असतातच. छपाईच ठिपक्यांची असते."

"नसलेले दाखवा."

मला वाटले, आता तरी हा मुलगा भानावर येईल. पण विक्रीच्या प्रशिक्षणात ग्राहकाला 'नाही' म्हणायचे नसते असे शिकवीत असावेत. त्याने ऑपरेटरला खूण केली, रिझोल्यूशन 1440 डीपीआयवर (इंचाला तितक्या ठिपक्यांवर) नेले, पास वाढवले, आणि तोच पोपट शेपटीपासून पुन्हा निघू लागला. पास म्हणजे एकाच पट्टीवरून हेडने घातलेल्या खेपा. खेपा दुप्पट केल्या की वेग साधारण निम्म्यावर येतो, हे अंकगणित यंत्राच्या जाहिरातीत सहसा आढळत नाही. तिथे मोठ्या अक्षरात ताशी चौरस मीटर छापलेले असतात, आणि ते कमीत कमी पासचे, ज्या गुणवत्तेत छापलेला माल गिऱ्हाइकाने मुकाट्याने उचलला तर तो नातेवाईकच असला पाहिजे. पोपट इतक्या सावकाश येत होता की मी वहीतले सगळे प्रश्न पुन्हा वाचून काढले.

शेवटी न राहवून मी म्हणालो की बोर्डासाठी एवढ्या बारीक छपाईची गरज नसते. निरोगी डोळ्याला साधारण एक कोनीय मिनिटापर्यंतचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा, फरक कळतो. म्हणजे 10 मीटरवरून पाहताना सुमारे 3 मिलिमीटरपेक्षा जवळ असलेले दोन ठिपके वेगळे ओळखता येत नाहीत. दुकानाच्या माथ्यावरची पाटी भिंग लावून वाचायला कोणी शिडीवर चढत नाही. जवळून वाचायच्या स्टिकरांची गोष्ट वेगळी, तिथे बारकावा हवाच. मी हे बऱ्यापैकी नेटके मांडले, असे मला अजूनही वाटते.

गृहस्थांनी भिंग न काढता विचारले, "हे तुमचे इंजिनिअर का?" हा प्रश्न मुलाला होता.

"नाही सर, तुमच्याबरोबरच आलेत ना?"

"असतील," गृहस्थ म्हणाले.

असतील! मी त्यांच्यासोबत असेन, इंजिनिअर असेन, ड्रायव्हर असेन. जगात काहीही असू शकते अशा तत्त्वज्ञाच्या निर्विकारपणे त्यांनी मला स्वीकारले. मी दोघांचाही गैरसमज खणखणीत शब्दांत दूर केला. मुलाने "सॉरी सर" म्हटले, आणि लगेच गृहस्थांकडे वळून त्यांना बसायला खुर्ची हवी का ते विचारले. एव्हाना त्यांनी आपले व्हिजिटिंग कार्ड काढून दिले होते. जाड कागद, उठावाची अक्षरे, सोनेरी कड. माझ्यापाशी कार्ड नव्हते. त्या वस्तू मी इतरांसाठी डिझाइन करतो, स्वतःसाठी छापायला वेळ होत नाही.

मग मी पेन ड्राइव्ह पुढे केला. माझ्या फाईलमध्ये फक्त दोन गोष्टी होत्या: सपाट राखाडी रंगाचा तीन फुटी चौकोन, आणि त्याखाली काळ्या पट्टीवर पांढरी, अगदी बारीक अक्षरे. प्रिंटरची सगळी पापे या दोन ठिकाणी उघडी पडतात. राखाडी रंग निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा यांच्या काटेकोर मिश्रणातून येतो. एक शाई जराशी जास्त पडली की तो हिरवट किंवा गुलाबी दिसतो. मीडिया पुढे सरकण्यात केसाएवढी चूक असली की त्यात आडव्या रेघा येतात, ज्यांना आम्ही बँडिंग म्हणतो. आणि कॅरेजची जाण्याची व येण्याची फेरी जुळलेली नसली, तर पांढऱ्या अक्षरांच्या पोटात शाई शिरून वेलांटी बुजते.

मुलाने फाईल उघडून पाहिली. त्याचा चेहरा पडला.

"सर, ही फाईल डेमोला योग्य नाही."

"का?"

"हिच्यात काही दिसतच नाही."

"काही दिसू नये म्हणूनच आणली आहे."

हे वाक्य त्याला कळले नाही. मात्र ऑपरेटरला कळले, कारण तो खाली मान घालून हसला. मुलगा म्हणाला की या मीडियाचे प्रोफाइल, म्हणजे रंगांचे माप, बसवलेले नाही; मग म्हणाला की फाईलचे ठिपक्यांत रूपांतर करणाऱ्या रिप सॉफ्टवेअरमध्ये बाहेरची फाईल घेण्याची परवानगी नाही; मग म्हणाला की पेन ड्राइव्हमध्ये व्हायरस असू शकतो. नाचता येईना अंगण वाकडे, हे ठीक. पण अंगण त्यांचेच, आणि नाचणारे यंत्रही त्यांचेच. मी नेट धरून उभा राहिलो. तेवढ्यात गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि वडिलकीने समजावले, "राखाडी कशाला हवा तुम्हाला? उदास रंग आहे. पोपट किती छान आलाय!"

मुलाची सुटका झाली. "बघा, साहेबांनासुद्धा पसंत पडला," असे म्हणून त्याने पोपटाची गुंडाळी करून ती साहेबांना भेट दिली. माझी फाईल छापली गेली नाही. थोड्या वेळाने शेजारच्या दालनातून लॅमिनेशनचे यंत्र पाहून एक तरुण आला आणि "मामा, चला" म्हणाला. मामा पोपट काखेत घेऊन निघून गेले. सोबत आलेले होते ते, आणि बिल्ला होता माझ्या गळ्यात.

हसण्यासारखे होते तेवढे इथे संपते. कोटेशनच्या दुसऱ्या पानावर वॉरंटीच्या अटी आहेत आणि त्या मी शब्दन् शब्द वाचल्या. सर्व भागांना वॉरंटी आहे. शाईच्या संपर्कात येणारे भाग वगळून. आता प्रिंटरमध्ये शाई कोठून कोठे जाते पाहा. टाकीतून नळ्यांत, नळ्यांतून डॅम्पर नावाच्या छोट्या डबीमध्ये, डॅम्परमधून हेडमध्ये. हेड पुसणाऱ्या वायपरला ती लागते, हेड झाकणाऱ्या कॅपिंगला लागते, सफाईचा पंप ती ओढून वाया गेलेल्या शाईच्या बाटलीत टाकतो. हे सारे वगळल्यावर वॉरंटीत उरते काय? स्टँड, झाकण आणि कंपनीच्या नावाची पट्टी.

आणि बिघडते नेमके हेच. एप्सनच्या गाजलेल्या डीएक्स5 हेडमध्ये 180 छिद्रांच्या 8 ओळी, म्हणजे एकूण 1440 छिद्रे असतात, आणि त्यांतून पडणारा थेंब पिकोलिटरमध्ये मोजतात. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. इतक्या बारीक छिद्रांत शाई सुकली की हेड चोंदते. यंत्र सुट्टीत चार दिवस बंद राहिले, हवा फार कोरडी झाली, मीडियाची उचललेली कड हेडला घासून गेली, की सकाळच्या नोझल चेकमध्ये, म्हणजे छिद्रे तपासायच्या नमुना-छपाईत, रेघा गायब. पांढरी शाई असेल तर आणखी कटकट, कारण तिच्यातले टायटॅनियम डायऑक्साइड जड असल्याने तळाशी बसते आणि तिला सतत खेळती ठेवावी लागते. सफाई करावी तर तीही शाईच पिते. तेव्हा हेड गेले तर किती दिवसांत मिळेल, कोण बसवेल, आणि तोवर माझी अडकलेली कामे कोठे छापायची, हे प्रश्न माझ्या वहीत पहिल्याच पानावर होते. ते विचारण्याची पाळी आली तेव्हा मुलगा मामांना दारापर्यंत सोडायला गेला होता.

पुढे दुसऱ्या एका विक्रेत्याकडे माझा राखाडी चौकोन एकदाचा छापला गेला. तिथे पोपट नव्हता, खुर्चीही नव्हती. चार पासला रेघा आल्या, सहा पासला पुसट झाल्या, आठ पासला दिसेनाशा झाल्या. अक्षरांतल्या वेलांट्या शाबूत राहिल्या. तिथल्या ऑपरेटरने घड्याळ लावून त्या आठ पासचा वेग तोंडी सांगितला. तो माहितीपत्रकातल्या आकड्याच्या निम्माही नव्हता, आणि सांगताना त्याला काही वाटले नाही, म्हणून मला तो माणूस आवडला. मी म्हणालो, हाच आकडा आणि हेड बदलून देण्याची मुदत, दोन्ही लेटरहेडवर लिहून द्या, मी आगाऊ रक्कम भरतो. त्याने मालकाकडे पाहिले. मालकांनी माहितीपत्रक पुढे केले आणि सगळे त्यात आहे म्हणाले. त्यात ते नाही. मी तिथेच उभ्याने वाचून दाखवले. 'कळवतो' म्हणाले आहेत. अजून कळवलेले नाही.